पाच दारांची व्हॅन

१

गाडीतला बेवारस आवाज शोधायचा असेल, तर बाकीच्या आवाजांना आधी एकेक करून घरी पाठवायचं, असं तिचे वडील म्हणत. त्यांचा उभा जन्म गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेला होता. बाजारात त्यांना नावाने ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे 'करंट' म्हणत. नवा माणूस पत्ता विचारत आला की कोपऱ्यावरचा टायरवाला म्हणे, "करंट हवाय? सरळ जा, शेवटची शेड. हात मात्र जपून मिळवा."

त्या रविवारी त्या शेवटच्या शेडमध्ये तिची स्वतःची व्हॅन उभी होती. बरीच वर्षं दुसऱ्याची गाडी चालवल्यावर तिने ही जुनी घेतली होती. किडनीचे पेशंट घरून घ्यायचे, डायलिसिसला हॉस्पिटलात सोडायचे, मशीनवरून उतरले की घरी पोचवायचे, हा तिचा धंदा. गाडी दणकट होती, इंजिन गुणी होतं. खोट एकच. चावी फिरवली की मागून कुठूनतरी बारीक, एकसुरी आवाज सुरू होई आणि चावी काढेपर्यंत थांबत नसे.

"बसा मालकीणबाई सिंहासनावर," वडील म्हणाले.

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. या कामात सीटवर बसणाऱ्याचे नियम ठरलेले होते. खालचा माणूस म्हणणार "दे", की बटण दाबायचं आणि मग म्हणायचं "दिलं". आधी हात, मग तोंड. आणि काहीही झालं तरी मागे वळून बघायचं नाही, कारण वळणाऱ्याचा पाय पेडलवरून सुटतो आणि वायरीत हात घातलेल्याचं बोट जातं. ही जागा कैक वर्षं आईची होती. तीही एकदाच वळली होती, आणि वडिलांची करंगळी तेव्हापासून वाकडी होती. आई जाऊन आता दोन वर्षं होत आली होती. करंगळी अजून तशीच होती.

मीटरमागे दिव्यांचा बझर सापडला. वडिलांनी त्याच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबून वर टेप गुंडाळली. मागच्या बंपरखालचा रिव्हर्सचा बझर सोडवून ठेवला. मग पेट्रोलच्या नळीचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानात घातलं आणि दुसरं पत्र्यावर टेकवत गुडघ्यांवर फिरू लागले.

"लांब श्वास घ्या," ते गाडीला म्हणाले. "सोडा."

"काय म्हणतोय पेशंट?"

"तुझ्या पाठीमागेच बोंबलतोय."

ड्रायव्हरच्या सीटमागे एक पत्र्याचं झाकण होतं. चार स्क्रू काढले. आत दारांचा बझर होता, आणि त्याच्याखाली काड्यापेटीएवढे काळे रिले एका ओळीत बसवलेले होते.

२

रिले म्हणजे चोपदार. एखादं दार उघडलं की चौकटीतलं बटण बाहेर येतं, वायरीतून वर्दी जाते, चोपदार 'टक्' करून उभा राहतो आणि बझरला ओरडायला लावतो. दार लागलं की पुन्हा 'टक्', आणि चोपदार खाली बसतो. ज्याने गाडीची बांधणी केली त्याने प्रत्येक दाराला वेगळा रिले दिला होता. वडिलांना ते फार आवडलं. "मन लावून काम केलंय बुवा याने."

मग दोघांनी रीतसर तपासणी केली. वडील प्रत्येक रिलेवर बोट टेकवून बसले आणि ती एकेक दार उघडत गेली.

"उघड."

"उघडलं."

बोटाखाली टक्.

ड्रायव्हरचं दार, शेजारचं दार, डावीकडचं सरकतं दार, मागच्या दाराच्या दोन झडपा. पाच दारं, पाच टक्. पाचही लावली की पाचही रिले गपगार.

बझर मात्र वाजतच होता.

"दारं पाच आणि चोपदार सहा," ती वाकून बघत म्हणाली. "एक फुकटचा पगार खातोय."

"फुकटचा कुठला? बाकीचे पाच झोपलेत. हाच एकटा कामावर आहे." वडिलांनी सहाव्या रिलेवर बोट ठेवलं आणि उचललं. "चहाच्या पेल्यासारखा तापलाय. बराच वेळ उभा आहे बिचारा."

"म्हणजे काहीतरी उघडं आहे?"

"म्हणजे वायर कुठेतरी घासून पत्र्याला टेकली आहे. पेटी सहाची मिळते, दारं पाच, एक जागा उरली. उरलेल्या जागेची वायर कुणी नीट बांधत नाही." असं म्हणून त्यांनी सहावा रिले उपटला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

बझर थांबला. शेडमध्ये एकदम रस्त्यावरचे आवाज ऐकू यायला लागले.

कारण पटण्यासारखं होतं. तिला पटलंही. तिने एवढंच पाहिलं, की एरवी काम फत्ते झालं की वडील टाळीसाठी हात पुढे करायचे, आज केला नाही. ते त्या रिकाम्या खोबणीकडे पाहत होते, दारावर टकटक ऐकू आली आणि उघडावं की नाही ते ठरत नाही तसे.

३

व्हॅनमध्ये तिघे नेहमीचे होते. निवृत्त हेडमास्तर, ज्यांना गप्प बसवायचं काम आजवर कुणालाच जमलं नव्हतं. बेकरीवाले, जे 'हो' आणि 'नाही' यांपलीकडे शब्द खर्चत नसत. आणि मशीनकाकू. या बाईंनी सगळं आयुष्य शिलाई मशीनवर काढलं होतं, आणि आता आठवड्यातून तीनदा दुसऱ्या मशीनला जोडून घ्यावं लागत होतं. "तिथे मी कापड शिवायची, इथे हे मला उसवतात," असं त्या नर्सला सांगत.

पहिले काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी काकूंनी पदर मानेभोवती ओढून घेतला.

"मुली, मागे वारा येतोय गं."

"काच लावलीय, काकू."

"काचेचा नव्हे."

"तुमच्यासाठी खास पंखा बसवलाय," हेडमास्तर म्हणाले. "तिकिटात धरलाय."

"मास्तर, जरा दम धरा हो. सांगते ना." काकू मागच्या बाकावर उजव्या कडेला बसत. त्या बाजूला दार नव्हतंच. खालपासून वरपर्यंत सपाट करडा पत्रा. "आपण स्वयंपाकघरात पाठमोरे असतो, आणि कुणी मागचं दार उघडून उंबऱ्यात उभं राहतं. न बघताच कळतं की नाही? तसं आहे हे. उघडून उभं आहे कुणीतरी."

"कशाला?" तिने विचारलं.

"आपल्यासाठी. वडीलधारी माणसं आत येईपर्यंत कसं दार धरून ठेवतो आपण, तसं धरलंय."

हेडमास्तरांनी यावर काहीतरी कोटी करायला तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी बेकरीवाले बोलले.

"हो," ते म्हणाले.

तिने आरशात पाहिलं. सकाळच्या रस्त्यावर दुकानांची शटरं वर जात होती, पोरं सायकली हाणत होती, बघण्यासारखं पुष्कळ होतं. तिघांपैकी एकही जण बाहेर बघत नव्हता. तिघांच्याही माना मागच्या उजव्या पत्र्याकडे वळल्या होत्या, आणि चेहऱ्यांवर भीती म्हणून नव्हती. पाहुणचाराला गेलेल्या माणसांसारखे ते दिसत होते, अजून कुणी 'या' म्हणालेलं नाही एवढंच.

रबर फाटलं असेल, ती मनाशी म्हणाली. खिडकीचं रबर फाटलं की वारा भलतीकडूनच आल्यासारखा वाटतो. ती पुढे बघून गाडी चालवत राहिली. मानेवर मात्र तिलाही गार लागत होतं.

४

पुढच्या रविवारी वडिलांनी खिडक्यांची रबरं तपासली. बाहेरून पाण्याचा पाइप मारला, आत थेंब आला नाही. पातळ कागदाची पट्टी चिमटीत धरून सगळीकडे फिरवली. उजव्या पत्र्यापाशी ती हलली. आत खेचल्यासारखी हलली, म्हणजे पत्र्याच्या दिशेने.

"बरं," वडील म्हणाले. त्यांनी खिशातून रिले काढला आणि खोबणीत बसवला. टक्. बझर सुरू झाला.

"नुसती वायर घासली असती तर वारा आला नसता, बाबा."

"नसता आला." ते एवढ्या सहज म्हणाले की तिला आणखी वाद घालता येईना. "वायर धरून जातो. तू बस. आणि पुढे बघ."

ती बसली. वडील मॅट उचकटत मागे सरकत गेले. वायर कुठवर आली ते मधूनमधून सांगत होते, नेहमीप्रमाणे. मधल्या सीटखालून गेली. मागच्या बाकाच्या पायाला वळसा घातला. पत्रा आणि बाक यांच्यातल्या फटीत वर चढली.

"मग?"

"मग अजून जातेच आहे."

"कुठे? तिथे पत्रा आहे ना?"

बझर किरकिरत होता. वळायचं नव्हतं, म्हणून तिने आरशात पाहिलं.

वडील मागच्या बाकावर गुडघे टेकून होते, पाठ तिच्याकडे. उजवा हात पत्र्याच्या बाजूला लांब केलेला. कोपरापर्यंत दिसत होता. कोपरापुढे करडा पत्रा होता. हात पत्र्यात घुसलाय असंही वाटत नव्हतं. उघड्या दाराच्या अलीकडे उभं राहून आपण पलीकडची कडी चाचपतो, तेव्हा दाराच्या कडेआड हात दिसेनासा होतो, अगदी तसंच होतं ते. फक्त दाराची कड काही केल्या दिसत नव्हती.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, तिने स्वतःला बजावलं. आरसा जुना आहे, पारा गेलाय.

"सापडलं," वडील म्हणाले.

"काय?"

"हँडल. पलीकडून आहे."

"बाबा, हात काढा."

"दोन मिनिटांचं काम आहे गं. पलीकडे व्हायचं आणि ओढून घ्यायचं. इकडून लागणारच नाही हे, धरायला काही नाहीच इकडे." कामाचा आवाज होता, गुडघ्यावर बसून स्क्रू मागणाऱ्या माणसाचा. मग तो जरा खाली आला. "तिकडे ऊन आहे गं."

बाहेर सकाळपासून मळभ होतं. शेडमध्ये दिवा लावावा लागला होता.

तिने नियम मोडला. सीटवरून उलटी वळून, मधली सीट ओलांडून ती मागे झेपावली आणि हाताला लागली ती वडिलांची कॉलर धरून तिने ओढलं. वाळलेला, हलका झालेला माणूस. सहज यायला हवा होता. आला नाही. विहिरीत पोहरा कपारीला अडकतो तसा अडकला. तिने दोन्ही पाय बाकाला रोवले. मग काहीतरी सैल झालं, आणि दोघंही मधल्या सीटवर कोसळली.

वडिलांची उजवी बाही कढत होती. भर दुपारी दोरीवरून काढलेल्या कपड्यासारखी. त्यांच्या मनगटाभोवती चार बोटांचे वळ उमटत होते, आणि आतल्या बाजूला अंगठ्याचा.

"केवढ्याने ओढलंस," ते मनगट चोळत म्हणाले.

तिने मूठ उघडली. तिच्या तळहातावर त्यांच्या कॉलरचं तुटलेलं बटण होतं. दोघांनीही ते पाहिलं. मग ती उठली, पुढे गेली आणि तिने चावी काढली.

५

ती घाबरट नव्हती. संध्याकाळपर्यंत तिने सगळं मार्गी लावलं. ओळखीच्या एका गाडीवाल्याची व्हॅन पुढच्या सोमवारपासून भाड्याने मिळणार होती. त्याआधी त्याला जमत नव्हतं. मधल्या आठवड्याचं काय, हा प्रश्न होता. डायलिसिसला दांडी चालत नाही. रक्त धुवायचं राहिलं की माणूस सुजतो, धाप लागते, आणि यमाकडे रजेचा अर्ज करता येत नाही. तेव्हा आठवडाभर हीच गाडी न्यायची. रिले खोबणीतच ठेवायचा. बझर वाजला तर वाजू दे. उघडं आहे हे निदान सगळ्यांना ठाऊक तरी राहील. मागचा बाक रिकामा ठेवायचा. हेडमास्तर पुढे तिच्या शेजारी, काकू आणि बेकरीवाले मधल्या सीटवर.

"आणि मी मागे," वडील म्हणाले.

"तुम्ही घरी."

"तू पुढे बघणार की मागे? म्हातारी माणसं आहेत. एखाद्याला उठून जायची हुक्की आली, तर कोण अडवणार? दारात कुणीतरी बसायला हवं."

"दुसरा माणूस बघते."

"त्याला काय सांगशील? कशाच्या दारात बस म्हणून?"

ती भांडी आपटत राहिली. वडील भाजी निवडत राहिले. आई गेल्यापासून भाजी तेच निवडत.

"शब्द द्या," शेवटी ती म्हणाली. "हात नाही लावायचा. काही झालं तरी."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"बाबा."

"बरं बाई. दिला."

दुसऱ्या दिवशी ते पट्टा लावून मागच्या बाकावर उजव्या कडेला बसले, पाठ पत्र्याला टेकवून. प्रवास सुरळीत झाला. बझर किरकिरत होता, आणि हेडमास्तरांना नवा विषय मिळाला होता. "ही व्हॅन आहे की मधमाश्यांचं पोळं? मध तरी मिळू दे एकदा." काकू मान फिरवायच्या तेव्हा वडील "काकू, पुढे बघा, पुढे," म्हणायचे, आणि त्या वर्गात पकडल्यासारख्या हसायच्या.

पहिली फेरी पार पडली, दुसरी पडली. आता एकच राहिली होती.

तिला एकच गोष्ट खुपत होती, आणि ती बोलून दाखवण्यासारखी नव्हती. शेडमध्ये जन्मभर ग्रीसचे डाग वागवलेला हा माणूस त्या आठवड्यात रोज दाढी करत होता. शर्टाला स्वतः इस्त्री करत होता, कॉलर दोनदा.

"लग्नाला निघालात का?" तिने विचारलं.

"हॉस्पिटलात जायचंय. गबाळ्यासारखा जाऊ?"

६

शेवटच्या फेरीला लख्ख ऊन पडलं होतं. तिघांनाही घेऊन ती उड्डाणपुलावर चढली. मागे बस होती, बाजूला ट्रक होता, थांबायला जागा नव्हती. हेडमास्तर कुठल्याशा जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगत होते, जो आता त्यांनाच सुया टोचत असे.

आणि बझर थांबला.

आठवडाभर कानाशी गुणगुणणारा आवाज गेला की आत पोकळी होते. इंजिन ऐकू आलं, टायर ऐकू आले. तिच्या मानेवरचा गारवा गेला होता. सीटमागे पत्र्याच्या झाकणाआड टक् झालं होतं. ते तिला ऐकू आलं नव्हतं, पाठीला जाणवलं होतं.

"बाबा?"

हेडमास्तर गोष्ट अर्धी टाकून मागे वळले. बघितलं. पुन्हा पुढे वळले आणि दोन्ही हात मांडीवर एकात एक गुंतवून बसले. त्यांना गप्प झालेलं ती पहिल्यांदाच बघत होती.

"बाबा! ओ द्या ना!"

आरसा वर होता. तिने त्यात बघितलं नाही. पूल संपेपर्यंत गाडी सरळ ठेवायची होती, गाडीत तीन माणसं होती, आणि तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले.

"ते उतरले, मुली," मागून काकू म्हणाल्या.

"चालत्या गाडीतून?"

"माझंच चुकलं. मी उठले होते. कशी उठले, पट्टा कधी काढला, देवाशपथ ठाऊक नाही. मला वाटलं, माझं घर आलं. मागच्या बाकापाशी पोचले होते गं. यांनी मला खांद्याला धरून परत आणलं, बसवलं, माझा पट्टा लावला. म्हणाले, काकू, असं उघडं ठेवून चालायचं नाही. आज तुम्ही उठलात, उद्या दुसरं कुणी उठेल."

"मग?"

"मग आपल्या जागी जाऊन बसले, पट्टा लावला, कॉलर नीट केली." काकूंचा आवाज शांत होता, टाके मोजताना असावा तसा. "आणि म्हणाले, बसा हं तुम्ही. मी दार लावून येतो."

"बेकरीवाले काका, तुम्ही पाहिलंत?"

"हो."

"काय पाहिलंत?"

तिला वाटलं, त्यांचा शब्दांचा कोटा संपला.

"नीट लावलं त्यांनी," बेकरीवाले म्हणाले. "आपटलं नाही."

७

पूल उतरल्यावर तिने गाडी कडेला घेतली आणि मागे गेली. पाचही दारं बंद होती. मागच्या बाकावर कुणी नव्हतं. पट्टा खटक्यात अडकवलेला होता, बसलेल्या माणसाच्या पोटाएवढा सैल. पत्र्यावर तिने तळहात ठेवला, मग कान, मग कपाळ. पत्रा पत्र्यासारखाच होता. ती पुलाच्या तोंडापर्यंत पळत गेली. रस्त्यावर कुणी पडलेलं नव्हतं, कुणी थांबलेलं नव्हतं, गाड्या जशा जायच्या तशा जात होत्या.

परत आली तेव्हा काकूंना धाप लागली होती. त्यांची मशीनची वेळ होत आली होती. तिने चावी फिरवली आणि तिघांनाही वेळेत पोचवलं. उतरताना हेडमास्तर तिच्या दाराशी घुटमळले.

"मी पुढे बघत होतो, ताई," ते म्हणाले. "बझर बंद झाल्यावर वळलो. खरंच सांगतो."

"मला माहीत आहे, सर."

मग ती हॉस्पिटलच्या आवारात एकटीच व्हॅनमध्ये बसली. चार स्क्रू काढून झाकण बाजूला ठेवलं. एकेक दार उघडून पाहिलं; पाचही चोपदार उठले आणि बसले. सहावा बसलेलाच होता. तिने रिले उपटून पुन्हा लावला. खोबणी झटकली. पत्र्याला नळीचं टोक लावून ऐकलं. बाहेरच्या ऊन खाणाऱ्या कबुतरांशिवाय काहीच ऐकू आलं नाही.

बिघाड असता तर सोपं होतं. बिघाड तिला काढता आला असता. पण सगळं चोख चाललं होतं. दार लागलं होतं, म्हणून बझर बंद होता. हँडल पलीकडे होतं, म्हणजे ते कधी उघडायचं हे आता पलीकडच्यानेच ठरवायचं होतं. घरातून निघताना माणूस 'येतो' म्हणूनच निघतो. आईसुद्धा ऑपरेशनला आत नेताना तसंच म्हणाली होती.

फोन वाजला. भाड्याच्या गाडीवाला होता.

"ताई, सोमवारचं पक्कं ना? गाडी सकाळी आणून लावतो."

तिने मागच्या बाकाकडे पाहिलं. काचेतून आलेलं ऊन पत्र्यावर पडलं होतं.

"नको आता," ती म्हणाली. "हीच ठेवतेय."

"का हो? तुम्हीच म्हणालात, भरवशाची नाही म्हणून. तो बझरचा फॉल्ट सापडला का?"

"हो. एक दार उघडं राहिलं होतं."

"एवढंच ना? मी उगाच काळजीत होतो. करंटसाहेब असताना काय बिशाद. त्यांना नमस्कार सांगा."

"सांगते," ती म्हणाली.

फोन ठेवून ती सीटमागे खाली बसली. पेशंटना घ्यायला अजून पुष्कळ अवकाश होता. चावी तिने चालूच ठेवली. मग सहाव्या रिलेवर एक बोट टेकवलं, अगदी हलकं, म्हणजे टक् झालं तर कानाच्या आधी बोटाला कळेल. रिले गार होता. तिने बोट उचललं नाही.